हर्षालीची रजा

१० जानेवारी, शनि.
कामगार कायद्याचा वर्ग. डोक्यात नुसता घोळ. ले-ऑफ वेगळा, कपात वेगळी, बडतर्फी वेगळी. सगळे माझ्यासारखेच, नोकरी संपलेले. शिकून झालं की इथेच, या सल्ला केंद्रात बसून कामगारांना मदत करायची. मुल्ला मॅडम (पनवेल कोर्टात वकिली करतात) म्हणाल्या, "जुने कायदे गेले, संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले. बाईचं पोट तेच आहे." पुढच्या वेळी प्रसूतीचं प्रकरण.

१७ जाने., शनि.
वर्ग संपता संपता एक मुलगी आली. हर्षाली. माहेर उरणजवळच्या मोऱ्याचं, कोळ्यांची. राहते रोडपालीला. तळोज्याला औषधं पॅक करते. पाचवा लागलाय. पोट दिसायला लागल्यावर सुपरवायझर म्हणाला, आता येऊ नको, बाळंत झाल्यावर बघू. मु. मॅडमनी तिला माझ्यासमोर बसवलं. माझी पहिलीच.
"मला घरी नाय बसायचं, ताई. कामावर घ्यायला सांगा, बस."
मी सांगितलं, गरोदर आहेस म्हणून घालवता येत नाही. आवाज ठाम लागला. आवडला मला.

२१ जाने.
कंपनीला पत्र लिहिलं. मॅडमनी त्यातलं 'कृपया' खोडलं.

२४ जाने., शनि.
ह.ला परत घेतलं! गेटवरूनच फोन. हसत होती नुसती. घरी येऊन शिरा केला. ह्यांनी विचारलं, आज काय? म्हटलं, काही नाही, खा.

२९ जाने.
ह.चा फोन. आधी टेबलावर बसून लेबलं लावायची, आता पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी केलीय. "मागचं स्टूल पन उचलून नेलं, ताई."
मॅडमना विचारलं. उभं राहायचं काम द्यायचं नाही असं आहे, पण शेवटच्या दोन-अडीच महिन्यांपुरतं, तेही तिने मागितलं तर. पाचव्याला लागू नाही. "तरी डॉक्टरची चिठ्ठी लावून अर्ज द्या."
ह.ला तसं सांगितलं. वर म्हटलं, पण काम सोडू नकोस, सोडलंस तर त्यांचं फावेल.

५ फेब्रु.
ह.च्या नंबरवरून तिची आई. "ती नाय बोलनार. पोरगी गेली वो, पोटातली."
डॉक्टर म्हणतात, कशानेही होतं.
चिठ्ठी आणायला ती आज सुट्टी काढणार होती.

७ फेब्रु., शनि.
वर्गाला गेले नाही. हे म्हणाले, "तू फक्त कायदा सांगितलास." हो. आणि काम सोडू नकोस, हे? ते कुठल्या कायद्यात आहे?

१४ फेब्रु., शनि.
गेले. मॅडमना जिन्यात गाठून विचारलं, माझ्यामुळे झालं का? त्या नाही म्हणाल्या नाहीत. "मालूम नाही. ते कुणालाच कळणार नाही. तुम्हाला ते घेऊनच बसावं लागेल." मग थांबून, "गर्भ पडला तरी सहा आठवडे भरपगारी रजा आहे. दाखला लागतो. सांगितलंत तिला?"
मला माहीतच नव्हतं. पुस्तकात प्रसूतीच्या त्याच पानावर, खाली. तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

१५ फेब्रु.
रोडपाली. दार आईने उघडलं. नवरा ट्रेलर घेऊन गुजरातला. ह. भिंतीला टेकून बसलेली. छाती आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधलेली. दूध आलंय.
"उद्या कामाला जाते म्हनते," आई म्हणाली.
ह. म्हणाली, "इथं काय करू?"
रजेचं सांगितलं. कसं सांगितलं, आठवत नाही. ती ऐकत राहिली.
"म्हंजे असं होतं, हे त्यांनी लिवून ठेवलंय?"
"हो."
"मग स्टुलाचं का नाय लिवलं?"
आईने चहा टाकला, पण कोणी प्यायला नाही. अर्ज लिहून नेला होता, सही तेवढी हवी. तिने घेतला, वाचला नाही, उशीखाली सारला. निघताना चप्पल घालत होते तर आतून, "ताई, तुमी बोल्लात म्हनून नाय गेले मी. मला जायचं होतं." हे माझ्यासाठी म्हणाली की खरंच, कळलं नाही. रिक्षात बसेपर्यंत धीर धरला.

२१ फेब्रु., शनि.
वर्ग चालू असताना मेसेज. 'आई मोऱ्याला घेऊन आलीय. कामावर नाय गेले. अर्ज पन नाय दिला. तुमी येऊ नका. मी सांगेन तवा या.'
मॅडमना दाखवला. वाचून फोन परत दिला. इतक्यात वर्गात कोणीतरी विचारलं, ही रजा अर्ज दिल्यापासून धरायची का? मॅडम म्हणाल्या, नाही, गर्भ गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.
म्हणजे ह.ची चालू झालेली आहे. कोणी मागो न मागो.