पटण्याजोगी एकच आजी

टीचर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. नव्वदच्या दशकात बहरीनच्या त्या शाळेत तुम्ही आम्हाला फ्रेंच शिकवायचात. वर्गात मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच, तुम्ही वसईच्या, मी रत्नागिरीची. गॅदरिंगसाठी तुम्ही जुन्या फ्रेंच धाटणीचं नाटक बसवत होतात. मरण रंगमंचावर दाखवायचं नाही, कुणीतरी येऊन सांगायचं, हा त्या लोकांचा रिवाज. राणी गेल्याची बातमी आणणारी दासी मी होते. त्यांचा दुसरा नियम तुम्ही फळ्यावर लिहिलात: एखादी गोष्ट खरी घडलेली असली, तरी प्रेक्षकाला पटणार नसेल तर ती नाटकात घ्यायची नाही.

त्याच आठवड्यात सोमवारी गावाहून फोन आला, नानी गेली. गुरुवारी पुन्हा फोन, दादी गेली. अब्बा नुकतेच रजेवरून परतलेले, पुन्हा रजा कुठली मिळायला. मुहर्रक गावातल्या आमच्या दोन खोल्यांत अम्मी भिंतीकडे तोंड करून बसली आहे, मी चहा करते आहे आणि तो कुणी पीत नाही. माझ्या तालमी बुडाल्या.

शनिवारी तुम्हाला सांगितलं, तर वहीतून मान वर न काढता तुम्ही म्हणालात, "एका आठवड्यात दोन आज्या? हे काही पटत नाही बाई. खरं सांग, नाहीतर रोल दुसरीला देते." मराठी कळत नसूनही तुमच्या सुरावरून मुली हसल्या. मला तो रोल हवा होता. मी म्हटलं, "एकच गेली, टीचर. दादी. नानी बरी आहे."

"हां, आता कसं."

प्रयोगात मी बातमी सांगताना खरीखुरी रडले, नानीसाठी रडले, आणि टाळ्या पडल्या. नंतर तुम्ही अम्मीचा हात धरलात. "सासूबाईंचं कळलं, वाईट वाटलं. तुमची आई बरी आहे ना? जपा त्यांना." अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मग तुम्हाला म्हणाली, "हां, बरी हाय."

परतताना बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली नाही. याबद्दल ती पुढे कधीच बोलली नाही, आणि त्याचा सगळा दोष मी तुमच्या माथी मारत आले. तुमच्या फळ्यावरच्या नियमाला शिव्यांची लाखोली वाहिली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या शनिवारी घंटा झाल्यावर तुम्ही मला जिन्यात एकटीला थांबवलं होतंत. हळूच विचारलं होतंत, "नक्की एकच ना गं?"

मी हो म्हटलं.