हेल्मेटमधला दुसरा रेडिओ

९ नोव्हेंबर, रविवार

आरोही हवाई दलाच्या प्रशिक्षणातून रजेवर आली. बिदर ते नळदुर्ग काही फार लांब नाही, पण तोंड असं की जणू युद्ध हरून आली आहे. बॅग टाकली आणि म्हणाली, "बाबा, मला ऐकू येत नाही."

मी मुद्दाम हळू आवाजात विचारलं, "चहा घेणार?"

"घेणार. तसं नाही हो बाबा! एका वेळी एकाचंच ऐकू येतं."

जेवताना उलगडा झाला. लढाऊ विमानाच्या हेल्मेटमध्ये दोन रेडिओ एकदम बोलतात. एकावर सोबतच्या विमानांचा लीडर. दुसऱ्यावर जमिनीवरचा कंट्रोलर. शिवाय विमान स्वतः टूं टूं करत असतं — उंची कमी झाली, इंधन संपत आलं. सगळं त्याच दोन कानांत, आणि कुणी कुणासाठी थांबत नाही. विमान चालवता चालवता त्यातलं आपल्यासाठीचं तेवढं निवडून घ्यायचं. ही लीडरचा आवाज आला की त्याच्यातच अडकते. कंट्रोलरनं 'वळ' म्हणून सांगितलेलं दोनदा हुकलं. रजा संपली की परीक्षेचं उड्डाण आहे. त्यातही हुकलं तर लढाऊ विमान कायमचं बंद. मग मालवाहू.

"मालवाहू म्हणजे ते मोठं, सावकाश जाणारं ना गं?" शिवकांतानं भाकरी वाढता वाढता विचारलं.

"आई, प्लीज!"

विषय तिथंच संपला.

१० नोव्हेंबर

कारण सापडलं! तिच्या प्रशिक्षकांचे शब्द: "साहेबाचा आवाज आला की तुझं बाकीचं जग बंद होतं. घरी शिस्त फार होती का?"

होती. या घरात मोठं माणूस बोलायला लागलं की घास हातात राहतो. माझे वडील, आबा, मुख्याध्यापक होते; शिस्त त्यांची. आम्ही आजवर तिला संस्कार म्हणत आलो. हवाई दल तिला दोष म्हणतं.

मी सुचवलं, लीडरचा आवाज बारीक करून ठेव. पत्रकाराला सगळ्या धंद्यांतलं थोडं थोडं कळतं. आरोही शांतपणे म्हणाली, "सगळे तेच करतात बाबा. एक रेडिओ मोठा, एक बारीक. मीही केलं. बारीक केला तरी साहेब तो साहेबच वाटतो."

उत्कर्ष मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "ताई, मग घरीच प्रॅक्टिस कर. आपल्याकडं साहेबांना काय तोटा?"

११ नोव्हेंबर

पहिलं उड्डाण, ओसरीवर. आरोही मधल्या खुर्चीत. विमान म्हणून परातीत तांदूळ निवडायला दिले — हात आणि डोळे गुंतलेले हवेत. उजव्या कानाशी आबा, म्हणजे लीडर. डाव्या कानाशी शिवकांता, म्हणजे कंट्रोलर. तिनं मधेच हुकूम द्यायचा — डावीकडं वळ, उंची कमी कर — आणि आरोहीनं तो जसाच्या तसा परत म्हणायचा. तसा नियमच असतो म्हणे. उत्कर्ष ताटलीवर चमचा वाजवणार, ती धोक्याची घंटा.

आबांनी शाळा-तपासणीची हकीकत सुरू केली. आरोहीचे हात थांबले, मान खाली गेली. शिवकांतानं परत परत हुकूम दिला. उत्कर्ष चमचा बडवत राहिला. शेवटी त्यानं विमान पडल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या खेपेला तिनं धीर केला. आबांच्या ऐन वाक्यात मोठ्यानं म्हणाली, "डावीकडं वळते!"

आबा थांबले. "मी बोलतोय न्हाय का?"

"आबा, तेच तर करायचंय…"

"तेच म्हंजे? इतका बिनकामाचा झालो व्हय मी?"

चहा करावा लागला.

१२ नोव्हेंबर

आबा रुसलेले. उड्डाणं रद्द.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आबा तयार झाले. रात्रभर विचार केला म्हणे. "देशासाठी माझा अपमान करायचाय ना? मग नीट करा. अर्धवट काम मला चालत न्हाय."

आता तेच तिला दटावतात — "माझ्याकडं बघू नको! मी सांगतोय ते लई महत्त्वाचं आहे, पन तू ऐकू नको!"

आवाज इतका वाढला की पलीकडच्या ढाब्यावरून महांतप्पा धावत आला. दारातच उभा राहून हळूच मला म्हणाला, "वाटणी चाललीय का मालक?"

नाही म्हटल्यावर त्याची जरा निराशा झाली. पण बसला, आणि त्यानंही हैदराबादच्या एका ट्रकवाल्याची भानगड सांगायला घेतली. आता आबा, महांतप्पा, शिवकांता आणि ताटली! आरोहीनं एकही हुकूम सोडला नाही. तांदळातला एक खडाही नाही.

या गदारोळात माझा साप्ताहिक लेख संध्याकाळी पाचच्या आत गेला. जन्माची सवय.

१५ नोव्हेंबर

आनंद फार टिकला नाही. आज उड्डाण छान चाललं होतं. मी आतल्या खोलीतून फक्त म्हणालो, "आरोही, माझा चष्मा दिसतो का गं तिथं?"

सगळं बंद. हात थांबले, मान वळली. शिवकांताचा हुकूम हवेत राहिला. उत्कर्ष ओरडला, "साहेब सापडले!"

मी म्हटलं, हे काहीतरीच. मी या घरात कधी आवाज चढवलाय का?

"चढवावा कुठं लागला," शिवकांता तांदळातला खडा टाकत म्हणाली.

आरोही हसली नाही, हे मला जास्त लागलं. म्हणाली, "आमचे लीडर पण असेच बोलतात बाबा. हळू. सगळ्यांनी ऐकायचंच आहे, अशा खात्रीनं."

१७ नोव्हेंबर

आबांना लीडरपदावरून काढलं, माझी नेमणूक झाली. मी माझे जुने लेख वाचायचे. पहिल्या दिवसाला माझा सगळ्यात गाजलेला निवडला — सरपंचबाई खुर्चीत, आणि ग्रामसभेत सगळं बोलणार तिचा नवरा, त्याच्यावरचा. त्या लेखावर बायकांची कितीतरी पत्रं आली होती.

आरोही शब्द न् शब्द ऐकत राहिली. परिच्छेद संपला की मान डोलवायची. लेखकाला याहून चांगला श्रोता मिळत नाही. विमान चार वेळा पडलं.

आबा कोपऱ्यातून म्हणाले, "तुझं वाचणं लई गोड आहे रे. जरा खराब वाच."

प्रयत्न केला. जमलं नाही.

१९ नोव्हेंबर

जमलं! मी पूर्ण लेख वाचला, शिवकांतानं मधे मधे हुकूम दिले. तिचा प्रत्येक हुकूम आरोहीनं जागच्या जागी परत म्हटला. मग मी विचारलं, मी काय वाचलं?

"आठवत नाही, बाबा! काहीच आठवत नाही!" असं ओरडून तिनं मला मिठी मारली. मीही तिचं अभिनंदन केलं. आता दुसरं काय करणार?

"वाचकांचंही असंच होत असेल," उत्कर्ष. याला पुण्याला शिकायला पाठवलं, ही चूकच झाली.

नंतर शिवकांताला म्हटलं, तुझे हुकूम फार एकसुरी होतात. डावं, उजवं, वर, खाली. खरा कंट्रोलर काहीही सांगू शकतो, जरा वेगळं काही सांग. ती म्हणाली, "बघते."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटचं उड्डाण. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत चाललेले, म्हणजे वातावरण अगदी खरं! आबांनी आणि महांतप्पानं हौसेनं आपापला गोंधळ घातला. मी पुन्हा सरपंचबाईंचाच लेख घेतला. पोरीची परीक्षाच घ्यायची तर उत्तम मजकुरानं घ्यावी.

'सभेत सगळ्यांचं बोलून झालं आणि बाईंचं मत विचारायचं राहून गेलं' — या वाक्याशी आरोहीचा हात परातीत थांबला. अगदी क्षणभर. मग ओठ हलले, हात पुन्हा चालू झाला. एवढ्या तयारीनंतरही चांगलं वाक्य आपला परिणाम करतंच! मी पुढचा परिच्छेद जरा रंगवून वाचला.

विमान सुखरूप उतरलं.

२२ नोव्हेंबर

आरोही गेली. शिवकांतानं दशम्या आणि शेंगाचटणी बांधून दिली. निघताना दोघी पायरीवर जरा उभ्या होत्या. आबांचा लांबलचक उपदेश चालू असताना आरोहीनं बुटाची नाडी बांधली आणि उत्कर्षनं मधेच चार्जर कुठं आहे विचारलं, त्याचं उत्तरही दिलं.

आबा अभिमानानं म्हणाले, "बघा, अजिबात ऐकत न्हाय!"

२५ नोव्हेंबर

उद्या उड्डाण. आबा सकाळपासून कुणाच्याही हाकेला ओ देत नाहीत. सराव बंद केला तर चालेल, असं त्यांना सांगितलं. म्हणाले, सराव नाही, काळजी आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पास! लीडर एक लांब सूचना देत होता, नेमका तेव्हाच दुसऱ्या रेडिओवर कंट्रोलरचा हुकूम आला. आरोहीनं हुकूम परत म्हटला आणि त्याच दमात वळली. प्रशिक्षक म्हणाले, घरी जाऊन काय केलंस? ती म्हणाली, तांदूळ निवडले.

आबांनी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं, आणि सांगताना कुणाला मधे बोलू दिलं नाही. महांतप्पानं पेढे आणले. मी लागलीच लेख लिहायला घेतला. मथळाही सुचला: 'ऐकायला शिकलेलं घर'.

शिवकांतानं देवापुढं साखर ठेवली. फोनवर मात्र आली नाही. हात खरकटे आहेत म्हणाली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आरोहीचा फोन. "बाबा, आई आजही फोनवर येत नाही. तिला सांगा, त्या शेवटच्या दिवशी तिनं सांगितलेलं मी ऐकलं होतं. नियमाप्रमाणं परत म्हणूनही दाखवलं होतं. फक्त पाळता आलं नाही."

शिवकांता भाजी चिरत होती. विचारलं, काय सांगितलं होतंस?

"'तू नापास हो. माझ्यासाठी हो.' असं म्हणाले होते."

"कधी?"

"तुम्ही तिथंच होता की," ती म्हणाली. "वाचत होता."