बावन्न फॉर्म आणि मी

३ जून, सकाळ.
पोलीस चौकीतून सोसायटीला पत्र. पुढचे सहा महिने पोलिसांनी कशावर जोर द्यायचा, ते म्हणे आपण जुईनगरवाले ठरवणार. प्रत्येकाने फॉर्मवर एकच विषय लिहायचा. पंचवीस मतं पडली की तो विषय पक्का. पंचवीस! आमचे फ्लॅटच बावन्न. सेक्रेटरी म्हणून माझी किंमत अखेर कोणाला तरी कळली. विषय ठरलेला : गेटसमोरचं डबल पार्किंग.

५ जून.
बायको, वैजयंती, म्हणाली, मागच्या गल्लीत संध्याकाळची गस्त मागा. मार्चमध्ये तिथेच तिचं मंगळसूत्र खेचलं. तेव्हापासून तिचं संध्याकाळचं फिरणं बंद. म्हटलं, पार्किंग सुटलं की बाकीचं आपोआप सुटतं. कसं, ते तिने विचारलं नाही. बरं झालं.

८ जून.
कोऱ्या फॉर्मवर बावन्न सह्या झाल्या. आमच्यात असंच चालतं : सही मेंबरची, मजकूर माझा. लोकांना लिहायला दिलं की घोळ घालतात. वैजयंती पेन घेऊन लिहायलाच बसली होती. म्हटलं, तू फक्त सही कर.

९ जून, दुपार.
बावन्न वेळा ‘डबल पार्किंग’ लिहिलं. अंगठा बधिर. मनाचंही तेच, पण ते मार्चपासूनच. उद्यापासून प्राणायाम.

१४ जून.
प्राणायाम राहिला. आभाराचं भाषण लिहीत होतो.

२० जून.
चौकीत बैठक. हॉल भरलेला. पीएसआय सोनल मॅडम पोरगी वाटते, पण काम चोख. माझा गठ्ठा वर धरून म्हणाली, “काका, हे सगळं एकाच हातचं अक्षर आहे. हे एकच मत धरलंय.”
भाषण खिशातच राहिलं.
स्टेशनबाहेरचे मोबाइलचोर पक्के. शाळेजवळची गुटख्याची टपरी पक्की. मागच्या गल्लीतली गस्त बाजूच्या सोसायट्यांनी मागितली होती. चोवीस मतं. राहिली.

२१ जून.
वैजयंतीला सांगितलं, एका मतासाठी गस्त गेली बघ, लोकांत जागृतीच नाही. तिने एवढंच विचारलं, “माझ्या फॉर्मवर काय लिहिलंत?”
पेपर उघडला. कालचाच निघाला. तरी वाचला.
संध्याकाळी ती घरातल्या हॉलमध्येच फेऱ्या मारायला लागली. वळताना गुडघा आपटत होता. सोफा भिंतीला सरकवून दिला.