बंगळूरचं विमान वेळेत आहे

रविवार, ५ जानेवारी. सकाळी ११.२०
बंगळूरचं विमान आलं. वेळेत. गच्चीवरून स्वतः बघितलं. कोल्हापूरच्या विमानतळाला लागूनच असलेल्या आमच्या गडमुडशिंगीवर ते इतकं खाली येतं की खिडक्या मोजता येतात.
आजपासून ही नवी वही. एस.टी.त बत्तीस वर्षं कंट्रोलर होतो. आल्या-गेल्या गाडीची नोंद केल्याशिवाय मला जेवण जात नाही.
हे विमान सुरू व्हावं म्हणून पेपरला सात पत्रं लिहिली होती. एकही छापलं नाही, पण दिवाळीत विमान सुरू झालं. कुणीतरी वाचलं असणारच.
आता विश्वजित (चिरंजीव, बंगळूर, सॉफ्टवेअर) दर शनिवारी येणार. हातकणंगल्याची माणसं रेल्वेनं अप-डाऊन करतात, तसं तो विमानानं करील. त्याला अजून सांगितलेलं नाही. सावकाश सांगू.

सोमवार, ६ जानेवारी
वरची खोली झाडली. गाद्या उन्हात टाकल्या. सूनबाई पवित्रासाठी नवा आरसा लावला. थोडा तिरका लागलाय, पण चेहरा दिसतो.
शेजारच्या चिमणाबाई भिंतीवरून म्हणाल्या, भाऊजी, कोण येणार हाय व्हय? म्हटलं, शनिवारी पोरगं येतंय. फोन आलता का, म्हणाल्या. म्हटलं, फोन कशाला, विमान हाय की!
बाईंना ट्रान्सपोर्टमधलं काही कळत नाही.

शनिवार, ११ जानेवारी
विमान १५ मिनिटं लेट. विश्वजित: नाही.
फोन केला. मीटिंगमध्ये होता. पुढच्या शनिवारी बघतो म्हणाला. बघतो म्हणजे येतो.
किलोभर मटण आणलं होतं. अर्धं चिमणाबाईंकडं दिलं. उरलेलं जेवायला बसलो, पण एकट्याला रस्सा वाढून घ्यायचं जिवावर येतं. ही गेल्यापासून तसंच आहे.

शनिवार, १८ जानेवारी
आज थेट विमानतळावर गेलो. नवी बिल्डिंग झकास, दगडी कमानी वगैरे. पण अनाउन्समेंटला दम नाही. स्टँडवर मी माईक हातात घेतला की झोपलेला पॅसेंजर बॅग घेऊन पळायचा. मॅनेजरला भेटून दोन गोष्टी सांगणार होतो. गार्डनं तिकीट मागितलं. तिकीट कशाला, मी मार्गदर्शन करायला आलोय म्हटलं. तो हिंदीतच राहिला.
तासभर बाहेर उभा राहिलो. बाहेर पडणाऱ्या सगळ्यांना या पावणं, या म्हटलं. एका बाईनं मला हमाल समजून बॅग दिली. गाडीपर्यंत नेऊन दिली. खरं सांगायचं तर बरं वाटलं.
आपल्या गल्लीतल्या गुंडूनं तिथं टॅक्सी लावलीय. तो म्हणाला, काका, कुणाला न्यायला आलाय? म्हटलं, सहज. इन्स्पेक्शन.
विश्वजित: नाही.

रविवार, १९ जानेवारी
ठरलं. आता आपण फोन करायचा नाही. गरज त्याला असेल तर तो करील. माणसानं ताठ राहावं.
संध्याकाळी ६. केला. उचलला नाही. चार्जिंग संपलं असणार.

गुरुवार, २३ जानेवारी
विमान वेळेत. आज वर्किंग डे, त्यामुळं विश्वजितचा प्रश्नच नाही. गच्चीवरून हात मात्र केला. पायलटला. उत्तेजन म्हणून.
दिवसभरात कुणाशी बोललो नाही. पोस्टमन आला होता, पण पत्र पलीकडच्यांचं निघालं.

शनिवार, २५ जानेवारी
विमान वेळेत. विश्वजित: नाही.
नवा प्लॅन. पोरगं येत नसेल तर डबा जाईल. कॉलेजला पुण्यात होता तेव्हा चार वर्षं त्याचा डबा मी ड्रायव्हरच्या पायापाशी ठेवून पाठवलाय. एकदाही सांडला नाही. तिकडं तो स्टँडवर उभा असायचा, इकडं मी. बस असो नाहीतर विमान, ड्रायव्हर हा ड्रायव्हरच.
उद्या सुट्टी, विश्वजित घरीच असणार. सुकं मटण करायचं. चिमणाबाई भाकरी देतो म्हणाल्या.

रविवार, २६ जानेवारी. दुपारी २
प्रजासत्ताक दिनाचा कडक बंदोबस्त होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.
डबा फडक्यात बांधून, वर ‘विश्वजित हंबीरराव घाटगे, बंगळूर, पायलटच्या पायापाशी ठेवणे’ अशी चिठ्ठी लावून गेलो. पाच प्रवाशांना विचारलं. पाचही लांब सरकले. मग डबा दाराजवळ ठेवून पायलटला बघायला लागलो, तर शिट्ट्या सुरू! चार गार्ड धावले. काय आहे म्हणाले. मटण हाय म्हटलं. दोऱ्या लावल्या, कुत्रं आणलं. कुत्र्यानं मात्र शेपूट हलवून डब्याची कदर केली.
गुंडूनं मध्ये पडून सोडवलं. काका आमच्या गावचं हायत, साधं मानूस हाय, म्हणाला. साधा हा शब्द मला आवडला नाही.
मग त्याच्याच टॅक्सीत बसून दोघांनी डबा खाल्ला. गुंडू म्हणाला, असलं मटण विश्वजितदादाला गुरुवारी मिळालं न्हाय बघा, कागलला हाटेलात जेवला बिचारा. मी म्हटलं, कवा? म्हणाला, ह्याच गुरुवारी की. सकाळच्या विमानानं आलता, मीच कागलच्या एमआयडीसीत सोडलं, संध्याकाळच्या विमानाला परत आणलं. दिवाळीपासनं तिसरी खेप. मुडशिंगीच्या फाट्याला दरवेळी गाडी हळू करतोय, पण दादा फोनवर असतोय. तुमास्नी ठावं असंलच.
मी म्हटलं, व्हय की, ठावं हाय.
हातातला घास परत डब्यात ठेवला. गुंडूला म्हटलं, तिखट लागलं.

सोमवार, २७ जानेवारी
विचार केला. कंपनीचं काम म्हणजे कंपनीचं काम. मीही ड्युटीवर असताना घराकडं बघायचो नाही. एवढंच की फाट्यावरून त्याला घर दिसत होतं, आणि घरात मी होतो.

शनिवार, १ फेब्रुवारी
विश्वजितचा फोन. आपणहून केला! कागलचं विचारणारच होतो. आवाज ऐकला आणि नाही विचारलं.
म्हणाला, बाबा, यायचं लई मनात आहे, पण कोल्हापूर फार लांब पडतं.
मी म्हटलं, व्हय की, लांबच हाय. त्यात ह्या विमानाचा काय भरवसा न्हाय बघ. कधी येतंय, कधी येत न्हाय. तू उगाच दगदग करू नको.
तो हो म्हणाला. लगेच म्हणाला.
महिनाभरात एकही फेरी रद्द झालेली नाही. ते त्याला सांगितलं नाही.