पणजोबा पंख्यावर

३ नोव्हेंबर
प्रॉसीच्या सेंगाने, म्हणजे आत्याने, बावीस तारखेला भेटीला बोलावलंय. मसाका गावातली सगळ्यात खाष्ट बाई. कुळ सांगायचं, मग वाडवडिलांची नावं ओळीने, न अडखळता. ती हो म्हणाली तरच लग्नाचं पुढे सरकणार. नाही म्हणाली तर प्रॉसी विसरा.

मला वडील येतात, आजोबा येतात. पुढे धुकं.

किबिरिगेकाका म्हणाले, गावी ये, कॉफीच्या मळ्यात पूर्वजांची थडगी आहेत, एकेकापाशी उभं राहून नाव घेतलंस की डोक्यात बसेल. चिखल तुडवत पाठांतर! या शतकात! मी त्यांना म्हटलं, मी सायंटिफिक माणूस आहे.

५ नोव्हेंबर
मोबाइलवर लेख वाचला. माणूस काही आठवतो तेव्हा डोळे आपोआप ती गोष्ट जिथे पाहिली होती तिकडे जातात. जागा आता रिकामी असली तरी. आणि तिकडे पाहिलं की आठवणं सोपं जातं. इतकं साधं! काकांच्या पिढीला कोणी सांगितलंच नाही बिचाऱ्यांना.

काकांकडून फोनवर नावं उतरवून घेतली आणि खोलीत पूर्वजांची सोय केली. वडील खिडकीत. आजोबा कपाटावर. पणजोबा पंख्यावर. खापरपणजोबा दाराच्या वरच्या कोपऱ्यात. रोज सकाळी सगळ्यांवरून नजर फिरवायची. आजपासूनच.

६ नोव्हेंबर
उद्यापासून.

१० नोव्हेंबर
उत्तम प्रगती. ऑफिसात गिऱ्हाइकासमोर प्रॅक्टिस केली. बाई सिमकार्ड न घेताच निघून गेल्या. मॅनेजर म्हणतात, छताकडे बघून डोळे गरागरा फिरवतोस, फिट येते का तुला? नवीन काही दिसलं की आधी हसायचं, ही इथली पद्धतच.

१३ नोव्हेंबर
नाकतोड्यांचा मोसम सुरू. बसस्टँडवर जो तो तळलेले नाकतोडे चघळतोय. आमचं कुळच नाकतोड्याचं, त्यामुळे आम्हाला वर्ज्य. कुळाचा प्राणी म्हणजे भाऊ. आख्ख्या गावाला कांद्यात परतलेला वास येतोय आणि मी नाक मुरडून चाललोय. काकांनी फोनवर बजावलं, मोसम आहे, सांभाळून खा. म्हणजे मला याची आठवण करून द्यायची! हे रक्तातच असतं. याला कुठली मेथड लागते?

१७ नोव्हेंबर
सेंतोंगोला सेंगा बनवून रंगीत तालीम. हा माझा मित्र, बोडा चालवतो, म्हणजे मोटरसायकलवरून सवाऱ्या नेतो. डोक्याने बेताचाच. पंख्यापर्यंत झकास गेलो. दाराच्या कोपऱ्यात नेमकी पाल बसली होती, म्हणून खापरपणजोबा सुटले. सेंतोंगो म्हणाला, समोरच्या माणसाकडे बघ की रे, आम्ही काय भिंतीत राहतो? त्याला काय कळणार.

२१ नोव्हेंबर
तयार आहे. काकांना नेणार नाही. मध्येच तोंड घालतात. सोबत सेंतोंगो पुरे. भेटीदाखल न्यायचं सामान तो उचलेल.

२२ नोव्हेंबर, सकाळ
सूट. नवी टाय. आज सेंगाची बोलती बंद.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
नोंद नीट व्हावी म्हणून लिहितो. पाठांतर शंभर टक्के यशस्वी. सेंगाकडे पंखा नव्हता, तरी नुसतं वर पाहिलं आणि पणजोबा हजर. मेथड सिद्ध झाली.

चूक वाटीची. नाकतोडे सेंतोंगोसाठी आले होते. ती वाटी माझ्या कोपराशी कोणी ठेवली? माझे डोळे पूर्वजांवर. हात मोकळा. खिडकीत एक, कपाटावर एक, असं खापरपणजोबांपर्यंत मूठभर गेले असावेत. सेंतोंगो दोनदा खोकला. मला वाटलं, कौतुकाने.

सेंगाने शांतपणे पुन्हा कुळ विचारलं. मी छाती काढून म्हटलं, नाकतोडा. ओठाला तुकडा चिकटलेला होता, असं सेंतोंगोने बाहेर आल्यावर सांगितलं.

त्यावर ती बाई म्हणाली, वा, सगळ्यांची नावं चोख सांगितलीस बाबा, आता वाटीतल्या भावाचंही सांगून टाक. सगळं घर हसलं. मग ती हसायची थांबली. म्हणाली, कुळ उसनं आणलंयस, नाहीतर आपल्याच माणसाला खाल्लंयस. दोन्हीपैकी काहीही असो, आमची पोर तुला कशी देऊ?

मी लेख समजावून सांगायला गेलो. पुन्हा हसले.

२४ नोव्हेंबर
काका आले. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत. चव कशी होती, एवढंच विचारलं. खरं सांगायचं तर कुरकुरीत होती. सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर
सेंगा जुनाट आहे. उद्या जाऊन स्पष्ट बोलणार.

२७ नोव्हेंबर
पाऊस होता.

२९ नोव्हेंबर
प्रॉसीचा मेसेज. एकच. तुझ्यासमोर चटईवर गुडघे टेकून बसले होते, पहिल्या घासापासून डोळ्यांनी खुणा करत होते, खाऊ नको, खाऊ नको. सेंगाने रागावून माझ्याकडे बघितलं तरी थांबले नाही. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. माझी गोमेसी कुठल्या रंगाची होती, एवढं सांग. सांगितलंस तर सेंगाच्या पाया पडून पुन्हा विचारते.

हे तर सोपं. गोमेसी म्हणजे बायकांचा समारंभाचा पायघोळ झगा, मुद्दाम शिवून घेतली होती तिने, महिनाभर बोलत होती. कंबरेला पट्टा असणार. रंग आत्ता आठवेल.

३० नोव्हेंबर
दिवसभर खाली बघत बसलो. फरशीवर चटईची जागा धरली. डोळे बरोबर तिथेच जातात. निळी? पिवळी? नुसती फरशी दिसते.

प्रॉसीला काही कळवलं नाही. मग वैतागून खिडकीकडे, कपाटाकडे, पंख्याकडे, दाराकडे बघितलं. पूर्वज धडाधड आठवले, एकही चुकला नाही.