मागच्या खोलीची कडी

४ जुलै

ति. ताईस,
सा. न. वि. वि. यात विनंती थोडी, भांडणच जास्त आहे.

तू पुन्हा तेच लिहिलंस, की जुनं उकरू नकोस. जुनं कसलं? तूच खाली दोन ओळींत लिहिलंयस की वाचन तपासणीच्या दिवशी तुझ्या ठमीला आणि आणखी आठ पोरांना हेडमास्तरने चटया-चेंडूंच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. हजेरीवर लिहिलं, आजारी. अगं ताई, मी सातवीत होतो तेव्हा त्याच खोलीत मी होतो! तेव्हा तो नुसता मास्तर होता, एवढाच काय तो फरक. ज्यांना वाचता येत नाही ते आत, ज्यांना येतं ते बाहेर, आणि भिंतीवर रंगवलेलं 'शंभर टक्के वाचक शाळा'.

मला वाचायला शिकवण्यापेक्षा कडी घालणं त्याला सोपं गेलं. वर शाळा सोडताना दाखल्यावर लिहून दिलं, वाचन : उत्तम. खाली वर्गशिक्षक म्हणून त्याची सही.

त्या 'उत्तम'ने माझं काय केलं ते तुला ठाऊक आहे. इथे धुलाईखान्यात गेल्या साली मी रसायनाचं चुकीचं पिंप उघडलं आणि हात मनगटापर्यंत भाजला. तीन बोटं अजून नीट मिटत नाहीत. भरपाई मागायला गेलो तर मॅनेजरने माझाच दाखला माझ्यापुढे धरला. म्हणाला, तुला उत्तम वाचता येतं, पिंपावर ठळक लिहिलं होतं, म्हणजे चूक तुझी. काय सांगणार होतो, दाखला खोटा आहे म्हणून? नोकरीही गेली असती.

आणि तू त्याच माणसाच्या शाळेचे गणवेश शिवतेस. मी तपासणीच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिणार आहे. फक्त ठमीला एवढं विचारून कळव, की तपासणीला पोरांना अजून तो कुंभाराचाच धडा वाचायला लावतात का.

लोभ आहेच. तो टिकवणं तुझ्या उत्तरावर आहे.
तुझा धाकटा

१५ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. हाताला तेल लावतोस ना, ते आधी कळव.

पूर्वी दुसऱ्याकडून पत्रं लिहून घ्यायचास तेच बरं होतं. लिहिणारा तुझा निम्मा राग तरी गाळायचा. आता स्वतः लिहायला लागलास आणि पाकीट उघडलं की चटकाच बसतो.

गणवेश सत्तर आहेत. तेवढ्यावर आमचे चार महिने निघतात. तुला तिथून मिशीला पीळ देणं सोपं आहे.

पण माझं सोड. मी ठमीला तुझा बेत सांगितला तर ती पोर तोंड लपवून रडली. तिचं म्हणणं, अधिकाऱ्याने कडी काढली की सगळी शाळा बघेल आत कोण बसलंय ते. तुझा सूड उगवेल रे, पण तोंड तिचं दिसेल. याचं उत्तर आहे तुझ्याकडे?

धडा कुंभाराचाच आहे, पान एक्केचाळीस. पुढच्या बाकांवरच्यांना तो पाठ आहे. ठमीलाही आहे, दाराआडून ऐकून ऐकून. पुस्तक हातात दिलं तर मात्र अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसतात. ती विचारत होती, की एवढा घोडा झाल्यावर मामा कसा वाचायला शिकला.

रागाला आवर घाल. माया आहे ती तशीच राहू दे.
तुझी ताई

२४ जुलै

ति. ताईस,
सा. न. वि. वि. तू शिव्या देणार हे धरूनच लिहितोय.

पत्र मी टाकलं. खाली माझं नाव आणि धुलाईखान्याचा पत्ता, सगळं लिहिलं. निनावी लिहायला मी काही चोर नाही. पत्रात दोनच गोष्टी सांगितल्या. एक, एक्केचाळिसावं पान वाचून घेताना मध्येच पान उलटा. दुसरी, चटयांच्या खोलीची कडी काढा.

पुढची तपासणी ऑगस्टअखेरीला, म्हणजे ठमीच्या हातात महिना आहे. तिला सांग, मामाला इथल्या इस्त्रीवाल्या काकांनी शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत मला पिंपांसमोर उभं करायचे. एका अक्षरावर बोट, ते कळल्याशिवाय बोट पुढे सरकवायचं नाही. 'धोका' हा माझा पहिला शब्द. सोबत तीस कागद पाठवतोय, एकेकावर एकेक ओळ, मोठ्या अक्षरात. रोज एकच. हळू वाचणाऱ्याला फाशी देत नाहीत म्हणावं. आणि तिला हेही सांग, बाहेर यायला लागलंच तर मान वर करून ये. मान खाली घालायची पाळी दुसऱ्याची आहे.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.
तुझा धाकटा

२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. बस आणि सावकाश वाच.

तपासणीला एक बाई आल्या होत्या. पुढच्या बाकावरचा पोरगा पुस्तक धरून कुंभाराचं चाक फिरवू लागला. बाईंनी हळूच पान उलटलं. समोर पावसाच्या मोजमापाचा धडा, आणि हा आपला मडकी भाजतोय! दुसरा तसाच, तिसरी तशीच. चौथ्याच्या लक्षात आलं, त्याने पुस्तकच मिटलं. हेडमास्तर रुमाल शोधत होता म्हणे.

मग बाईंनी कडी काढायला लावली. नऊ पोरं डोळे चोळत बाहेर आली. ठमीने तेच पावसाचं पान घेतलं, बोट ठेवलं आणि चार ओळी वाचल्या. दोनदा अडली, मागे गेली, पुन्हा आली. कोणी हसलं नाही. हसणाऱ्यांची आधीच फजिती झाली होती. बाईंनी एवढंच म्हटलं, की आज या शाळेत वाचलेलं हे पहिलंच.

भिंतीवरचे शंभर टक्के पुसायला सांगितलेत. माझे गणवेशही पुसले गेले, दुसऱ्याच दिवशी.

आणि काल हेडमास्तर घरी आला. खुर्चीच्या कडेला टेकला. पेन्शनला तीन वर्षं राहिलीत, गैरसमजातून तक्रार केली असं तू लिहून दिलंस तर निभावेल, गणवेशही परत देतो म्हणाला. मी पाणी दिलं. खोटं कशाला सांगू, मला दया आली. पण एक गोष्ट लागली रे. तुझं नाव सांगितलं, कोणत्या साली होतास ते सांगितलं, तरी तू त्याला आठवला नाहीस.

काय ते तू ठरव. माझा जीव दोन्हीकडे ओढतो, पोरीकडे आणि पोटाकडे.
तुझी ताई

११ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि. ठमीच्या चार ओळी मी इस्त्रीवाल्या काकांना दोनदा सांगितल्या. त्यांनी चक्क इस्त्री खाली ठेवली.

मी त्याला आठवत नाही? आठवेन. रोज आठवेन, तशी सोय करतो.

त्याला सांग, अधिकाऱ्याला दुसरं पत्र लिहून माझ्या खिशात आहे. तिकीटही लावलंय. सोबत माझा दाखला आहे, त्याच्या सहीचा, आणि माझ्या हाताचा फोटो. ते पत्र मी टाकू नये असं वाटत असेल तर त्याने शाळा सुटल्यावर रोज एक तास त्याच खोलीत, त्याच चटईवर, त्या नऊ पोरांबरोबर बसायचं. कुंभाराचा धडा सोडून काहीही शिकवायचं. नऊच्या नऊ पोरांनी हे माझं पत्र त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं, की मी खिशातलं फाडीन. तो चोर आहे, त्याने माझी अक्षरं चोरली, हे वाक्यही त्यांनी वाचायचं. मधलं गाळायचं नाही. त्याने ऐकायचं, खुर्चीच्या कडेला टेकून.

गैरसमजाचं पत्र मिळणार नाही. गणवेशासाठी हात पसरू नकोस; दिले तर पूर्ण दराने घे. माझा पगार वाढलाय, चार महिने मी बघतो, ते पैसे वेगळे येतील. दया शिल्लक असेल तर ती नऊ जणांत वाटून टाक.

पण सगळ्यात आधी सुताराला बोलाव आणि ती कडी उपटून घे. ती मला हवी आहे. इथे माझ्या खाटेच्या वर खिळा तयार आहे. ठमीला पत्ता लिहायला लाव, बोट ठेवून.

सुताराची मजुरी दोनशे, टपालाचे चाळीस. सोबत दोनशे चाळीस पाठवतोय.