नाव घेतलं म्हणून

दि. १४ डिसेंबर

अहो,

नमस्कार. आम्ही इकडं मजेत. गाय दूध बराबर देऊन राह्यली. बदनापूरला आक्कांच्या हातचं जेवण तुम्हाला मानवलं असंल. बहिणीच्या घरी बसून फोन उचलत न्हाईत, म्हणून वसंताभाऊजींसंगं ही चिठ्ठी देते.

गावतळ्यातला गाळ आपण काढला, ते काम पाहायला परदेशी पाहुणे आल्ते, त्या दिवसापासून तुमचा रुसवा. आजवर कसं, सरपंच मी, पण बोलणार तुम्ही. पाहुणे आले की मी चहाला उठणार. ह्या वेळी मी ठरवलं, आपुन बोलायचं. आकांक्षानं चुलीपाशी बसून 'ॲज वेल ॲज' शिकवलं. म्हणली, "मम्मी, दोन गोष्टी जोडायच्या असल्या की हे मधी टाकायचं." मंग काय, पोरीला दिवसभर पिडलं. 'भाकरी ॲज वेल ॲज ठेचा.' 'आय मेक टी ॲज वेल ॲज डिसिजन्स', म्हंजे चहाबी मीच करते न् निर्णयबी मीच घेते! पोरगी हसून लोळली.

पाहुणीनं इचारलं, गाळ कोणी काढला? तुम्ही तोंड उघडायच्या आत मी उभी. "द वुमेन ॲज वेल ॲज बद्रीनाथ!" बायांनी, आणि सोबत बद्रीनाथनंबी. एका दमात, बिलकुल न अडखळता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या बायांनी मात्र तोंडाला पदर लावले. लग्नातल्या उखाण्यानंतर तुमचं नाव माझ्या तोंडून कोणी ऐकलंच नव्हतं. तुम्ही गाडीला किक मारली न् गेलात.

आक्कांना सांगितलं म्हणे, "बाईनं चारचौघांत माझी इज्जत घालवली." अहो, इज्जत घालवायची असती तर नावच टाळलं असतं! तुमच्या ट्रॅक्टरबिगर तो गाळ निघाला असता का? ते सगळ्यांना कळावं म्हणून तर नाव घेतलं. खरं सांगा, राग नावाचा न्हाईच. मी उभी राह्यले, त्याचा आहे.

आणि त्याचाच मला लई अभिमान वाटून राह्यला. माफी मागणार न्हाई.

पण घर खायला उठतंय. रोज सकाळी तुमच्या वाटचा चहा टाकते, मंग ध्यानात येतं.

शुक्रवारी ग्रामसभा आहे. खुर्चीवर मी बसणार, बोलणारबी मीच. तुम्ही आलात तरी बोलंन, न्हाई आलात तरी बोलंन. पण या. जल्दी या.

खुर्ची न सोडणारी, दाराकडं डोळे लावून बसलेली,
तुमची उषा